उलटे आटे आणि भिंतीवरचं घड्याळ

अप्पांनी प्रतिज्ञा केली तेव्हा तोंडात टूथब्रश होता, त्यामुळे ती कोणाला नीट ऐकू आली नाही. म्हणून चूळ भरून त्यांनी ती पुन्हा केली.

"माझ्या सायकलची चिरफाड करायची तर खुशाल कर. पण त्या बाबतीत मी तुझ्याशी एक अवाक्षर बोलणार नाही."

"चालेल," लेक म्हणाली. ती दातांची डॉक्टर. समोरचा माणूस आ वासून गप्प बसलाय, याची तिला सवय होती.

सायकल अप्पांइतकीच पोलादी आणि तेवढीच आडमुठी. कारखान्यातली फिटरची सगळी नोकरी त्यांनी हिच्यावर बसून केली. दर गुरुवारी टेकडीवर बहिणीकडे बुद्धिबळ खेळायला जायचे, तेही हिच्यावरूनच. दोन वर्षांपूर्वी ते बंद पडलं. चढ तोच होता, गुडघे बदलले होते. रिक्षा सुचवली की, "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" आणि ताईला फोनवर, "कामात आहे गं." निवृत्त माणूस, कामात! ताई "कसलं काम?" असं कधी विचारायची नाही, आणि अप्पांना नेमकं तेच लागायचं.

लेकीचं म्हणणं साधं होतं : फ्रेम जुनीच राहू दे, गिअर नवे बसवू, म्हणजे चढ झेपेल. अप्पांचं त्याहून साधं : "गिअर म्हणजे कुबड्या."

शनिवारी सकाळी बैठकीच्या खोलीत सायकल उताणी पडली. चाकं निघाली, ब्रेक निघाले, पेडलंही निघाली. राहिला तो पेडलचा आस ज्या नळीतून जातो, तिच्यातला चेनच्या बाजूचा कप, म्हणजे आट्यांवर बसणारी लोखंडी वाटी. लेकीने पाना लावला आणि सगळं जग नट सोडवायला फिरवतं तसा डावीकडे फिरवला. कप ढिम्म.

वर्तमानपत्राच्या कडेवरून अप्पांनी ते पाहिलं. चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. डावीकडे फिरवाल तर तो आणखी घट्ट होतो. पण प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा. अप्पांनी हवामानाची बातमी चौथ्यांदा वाचली.

लेकीने तेल सोडलं. मग कढत पाणी ओतलं. मग आतून जावयाला बोलावलं. जावई ग्रंथपाल, घरातही कुजबुजतच बोलायचा. त्याने पान्याला हातभर नळी अडकवली आणि दोघं नवराबायको तिला लोंबकळले.

"हलला!" जावई कुजबुजला.

हलला होता. आतल्या बाजूला.

आणखी एक हिसका, की आटे चिरडणार, फ्रेम भंगारात, आणि ताईला जन्मभर "कामात आहे गं." लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. पण घरात सून नव्हती आणि लेकीशी बोलणं बंद होतं. अप्पांनी वर पाहिलं. भिंतीवर घड्याळ होतं.

"घड्याळा," ते खाकरून म्हणाले, "काही लोक बत्तीस दात शिकतात, पण एका कपाची अक्कल नसते. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. तू ज्या दिशेने फिरतोस ना, त्याच दिशेने तो सुटतो."

लेकीने पाना उलटा लावला. करकर आवाज करत कप सुटला.

"घड्याळकाका," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तासभर गप्प का होतात?"

"घड्याळाला कोणी विचारलं नव्हतं," अप्पांनी त्याच्या वतीने उत्तर दिलं.

दुपारी नवं संकट. गिअरचं मागचं चाक एक सेंटीमीटर जास्त रुंद, फ्रेमच्या मागच्या दांड्यांत शिरेना.

"घड्याळा, तिला सांग, पोलाद आहे, ताणलं तर जागा देईल. दोन दांड्यांच्या मध्ये आट्यांची सळी घाल आणि नट फिरवून रोज दोन मिलिमीटर उघड. एकदम नको. पोलादाला पटायला वेळ लागतो."

"माहितेय, घड्याळकाका. आमच्याकडे घरातच एक नमुना आहे."

सोमवारपर्यंत अप्पा स्वतःच पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले होते. दर वेळी मान वर करून भिंतीशी बोलावं लागायचं, म्हणून जावयाने घड्याळ काढून शेजारच्या स्टुलावर ठेवलं. मंगळवारी लेकीने चहा आणला तो तीन कप, तिसरा घड्याळापुढे. बुधवारी चाक बसलं.

गुरुवारी अप्पा "जरा चेन तपासून येतो" असं घड्याळाला सांगून निघाले.

चढावर त्यांनी सगळ्यात हलका गिअर टाकला. पाय भिंगरीसारखे फिरत होते आणि सायकल गोगलगायीसारखी. कुत्रं फिरवणारी एक बाई त्यांना मागे टाकून गेली. मग ते कुत्रंही थांबून, सगळ्या खांबांचा समाचार घेऊन, पुन्हा पुढे गेलं. पण अप्पा उतरले नाहीत.

ताई दारातच होती. आत टेबलावर दोन वर्षांपूर्वीचा डाव तसाच मांडलेला, फक्त धूळ पुसलेली. तिने सायकल खालीवर न्याहाळली.

"गिअर?"

"हं."

"कोणी बसवले?"

अप्पांची प्रतिज्ञा अजून शाबूत होती. त्यांनी घाम पुसला.

"घड्याळाने."

ताईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "मग त्याला म्हणावं, दोन वर्षं मागे पडलंय," ती आत वळत म्हणाली. "ये. चाल तुझी आहे."