चाकांवरची सीट

आमचे भाऊजी वेगवान गाड्यांची चाकं डिझाइन करायचे. वेग फार वाढला की चाकं रुळांवर डावीउजवीकडे हेलकावे खायला लागतात. ते हेलकावे थांबवायचे, हा त्यांचा जन्मभराचा ध्यास. त्यामुळे प्रवास कुठलाही असो, सीट बरोब्बर चाकांवरची, जिथे सगळ्यात जास्त हादरे बसतात. बूट काढून, तळवे जमिनीला टेकवून ते कान देऊन बसायचे. ताई काही सांगायला गेली की हात वर करायचे, "थांब जरा, चाक ऐकू दे." ताई बिचारी थांबायची. मी असते तर चालत्या गाडीतून उतरले असते.

ताई गेल्या वर्षी गेली. परवा भाऊजींची नवी गाडी पहिल्यांदा धावली, तेव्हा तिच्या जागी त्यांनी मला नेलं. सीट अर्थातच चाकांवरची. गाडीने पूर्ण वेग घेतला, तरी माझ्या कपातला चहा जागचा हलला नाही. बाकीचे इंजिनीअर टाळ्या वाजवत सुटले. भाऊजी मात्र अनवाणी पाय टेकवून नुसते बसून होते. ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग हळूच म्हणाले, "मी थांब म्हणायचो ना, तेव्हा ती काय सांगत असायची गं?"

काहीतरी गोड खोटं सांगता आलं असतं. पण इतक्या वर्षांचा राग जिभेवर आला.

"मला काय माहीत, भाऊजी? ते तिला तुम्हालाच सांगायचं होतं."