ठोक्यामागचं सावरणं

माझ्या सासूबाईंच्या वाढदिवसाला वीब्रन खुर्चीवरून खाली आला, तेव्हा आधी कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळे भिंतीला पाठ लावून गोल बसलेले. रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन करून झालेलं, पहिली कॉफी संपलेली आणि दुसरी यायची होती. अशा वेळी आमच्या ह्या फ्रीसलंड प्रांतात कुणी फारसं हलत नाही. माझा नवरा मात्र मांडीवरची केकची बशी सांभाळत असल्यासारखा सावकाश सरकला आणि गालिच्यावर आडवा झाला.

"वहिनी," माझा धाकटा दीर हिडे म्हणाला, "ह्याला आईच्या वाढदिवसाचा कंटाळा येतो ते माहीत होतं, पण एवढा?"

तोंडावर पाणी मारायच्या आतच वीब्रनने डोळे उघडले. चेहरा पिठासारखा पांढरा. मी त्याला धरून स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं. त्याने माझं मनगट पकडलं.

"डॉक्टरांना सांगायचं नाही, बाउक्ये."

"हे पहिल्यांदाच झालं?"

तो नळाकडे बघत राहिला. म्हणजे पहिल्यांदा नव्हतं.

न सांगण्यामागचं कारण मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसले. वीब्रन जहाजं बांधणाऱ्या गोदीत कामाला होता. साखळी सुटली आणि लोखंडी पत्रा त्याच्या कंबरेवर आला. हाडं जुळली, पण दबलेली शीर काही केल्या माफ करायला तयार नव्हती. किती तऱ्हेच्या गोळ्या झाल्या. एकीने त्याला भिंतीवर माणसं दिसायची, आणि तीही त्याच्या नावडत्या नात्यातली. दुसरीने तो दिवसभर पेंगायचा आणि जागा झाला की रडायचा. आडवं होता येत नव्हतं म्हणून दोन हिवाळे खुर्चीत बसून झोपला. मी वर एकटी, तो खाली एकटा. लग्न झालेल्या माणसांनी जिन्यावरून एकमेकांना हाका मारायच्या, एवढाच काय तो संसार.

मग वेदनांच्या डॉक्टरांनी मेथाडोन दिलं. औषधांच्या दुकानात नाव ऐकताच रांगेतल्या एका बाईंनी आपली पर्स ह्या हातातून त्या हातात घेतली. व्यसन सोडवायलाही तेच औषध देतात ना. वीब्रन मला म्हणाला, "आता मला काहीतरी चोरायलाच हवं. नाहीतर बाईंची निराशा होईल." पण त्या गोळीने तो जिना चढला, पलंगावर डाव्या कुशीला वळला आणि घोरायला लागला. इतकं घाणेरडं घोरणं मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

गोळी देतानाच त्यांनी बजावलं होतं की हिने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. अधूनमधून हृदयाचा आलेख काढावा लागेल, आणि भोवळ आली तर लगेच कळवा. कळवलं तर गोळी जाणार. गोळी गेली की पलंग गेला. वीब्रनचा हिशोब एवढा सरळ होता.

माझाही हिशोब होता. तो मी सोमवारी, आलेख काढायच्या दिवशी, त्याच्यासमोर मांडला.

"भोवळ वगैरे?" डॉक्टर हायलकेमांनी विचारलं. ती गोळी देणाऱ्या ह्याच. उंच, थकलेल्या डोळ्यांच्या बाई. आमच्याकडचीच भाषा बोलणाऱ्या.

"छे," वीब्रन म्हणाला.

"शनिवारी पडला," मी म्हणाले. "त्याआधीही पडलाय. किती वेळा, ते तो सांगत नाही."

खोलीत गार वारा शिरावा तसं झालं. वीब्रनने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी टेबलावरचा आलेखाचा कागद पुन्हा उचलला, त्याच्यावर पट्टीने मोजलं आणि म्हणाल्या, "आज घरी जायचं नाही."

त्यांनी समजावलं ते असं. ठोका देऊन झाला की हृदय पुढच्या ठोक्यासाठी स्वतःला सावरून घेतं. वीब्रनचं हे सावरणं फार लांबलं होतं. त्या नाजूक वेळात अवेळी ठोका पडला तर हृदय भरकटतं आणि नुसतं थरथरत राहतं. आपोआप ताळ्यावर आलं तर माणूस गालिच्यावरून उठतो. नाही आलं तर उठत नाही.

त्या खोलीबाहेर गेल्यावर वीब्रन बोलला. "तू माझी बायको की त्यांची?"

"तुझी. म्हणूनच तर. तुझ्या आईच्या वाढदिवसांना मला विधवा म्हणून एकटीनं बसायचं नाही."

तो हसला नाही. सहसा हसला असता.

वॉर्डात त्याच्या छातीला तारा लावल्या, रक्त नेलं. दुपारी हिडे आला. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून ड्रॉपची मोठी पिशवी घेऊन. ज्येष्ठमधाच्या त्या काळ्या खारट गोळ्या. सिगरेट सुटल्यापासून वीब्रनच्या गालात एक तरी असायचीच, आणि मेथाडोनने तोंड कोरडं पडायला लागल्यावर तर एक संपायच्या आत दुसरी. लोकही तेच आणायचे. घरात प्रत्येक खिशात, गाडीत, शिवणाच्या डब्यात ड्रॉप.

थोड्या वेळाने डॉक्टर आल्या. "रक्तात पोटॅशियम फार कमी आहे. त्यानेही लय बिघडते, आणि वर ही गोळी. जुलाब होतात? उलट्या? लघवी जास्त व्हायची गोळी घेता?"

"नाही."

"आणखी काही घेता? झाडपाल्याचं, वैदूचं?"

"आम्ही तसले नाही," हिडे दुखावून म्हणाला आणि डॉक्टरांपुढे पिशवी धरली. पाहुण्यापुढे धरायचीच असते. बाईंनीही सवयीने एक उचलली, तोंडात टाकली, आणि पुढचा प्रश्न विचारता विचारता त्यांचा जबडा थांबला.

त्यांनी वीब्रनकडे पाहिलं. "जीभ दाखवा."

जीभ कोळशाच्या पोत्यासारखी.

"हे दिवसाला किती खाता?"

"खातो म्हणजे," वीब्रन म्हणाला, "हे काय खाणं आहे? चघळतो."

"पिशवी संपते," मी म्हणाले. "ह्याहून मोठी."

डॉक्टरांनी रुमाल काढून तोंडातली गोळी त्यात गुंडाळली. "ज्येष्ठमध पोटॅशियम बाहेर काढतं. भरपूर आणि रोज खाल्लं तर. आत येताच विचारायला हवं होतं मी. पण इथे कोण विचारतं? पाणी पिता का, असं विचारल्यासारखं वाटतं."

"म्हणजे मेथाडोन निर्दोष?" वीब्रन उठून बसला. तारांमागचं यंत्र कुरकुरलं. माझ्याकडे त्याने विजयी मुद्रेने पाहिलं, आणि मलाही वाटलं, सुटलो. ड्रॉप सोडायचं, एवढंच.

पण आमचं एवढं सोपं कधी होत नाही. सलाईनमधून पोटॅशियम देत राहिले, पोटॅशियम वर आलं, आलेख सुधारला, पण पुरता नाही. शुक्रवारी डॉक्टर खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या.

"ड्रॉप एकटं नव्हतं. गोळीचाही हात आहे. हाच डोस मी तुम्हाला देऊ शकत नाही. दुसरं औषध बघू, नाहीतर हेच कमी करून आलेख बघत राहू."

"दुसरं नको. ती भिंतीवरची माणसं नकोत."

"मग कमी करू. दुखणं थोडं परत येईल." त्यांनी फाईल मिटली. "तुम्हाला किती दुखलेलं चालेल?"

असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. दुखतं का, कुठे, दहापैकी किती, एवढंच. वीब्रनने बराच वेळ पांघरुणावरची घडी सारखी केली.

"आडवं होता येईल इतपत," तो म्हणाला. "रात्रभर नको. झोप लागेपर्यंत."

"जमवून बघू. पण भोवळ आली तर तुम्हीच सांगायचं. बायकोला सांगायला लावायचं नाही."

"ती न लावताही सांगते," तो म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदा त्याने माझ्यावर काहीतरी टोमणा मारला आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी येताना तो मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता. कालव्यावरचा पूल बोटीसाठी वर गेला. मी इंजिन बंद केलं. आमच्या पुढे बीटरूटने भरलेला ट्रॅक्टर, चिखल ठिबकतोय.

"रागावलायस अजून?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. आरशात बघितलं तर डोकं काचेला टेकलेलं, तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले. कमी डोस घेऊनही झोप लागली होती त्याला, तीही भर दुपारी, गाडीत, वाकड्या कंबरेने. एरवी मी रेडिओसुद्धा लावला नसता.

पण झोपच आहे की आणखी काही, हे आरशात कळेना. इंजिन बंद होतं, तरी घोरणं ऐकू येईना. उठवलं तर ही झोप मोडणार, आणि अशी झोप पुन्हा कधी लागेल कुणास ठाऊक. पूल खाली आला. ट्रॅक्टर हलला. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग दुसरीनेही.

मी हात मागे नेऊन त्याचा गुडघा हलवला.

"काय आहे?" तो डोळे न उघडता म्हणाला.

"काही नाही. झोप."

"झोपलोच होतो," तो पुटपुटला आणि अवघडून दुसऱ्या कुशीला वळला. मी गाडी सुरू केली.