दोन ओळींमधला इस्तारी

मित्रांनो, माझ्या कपाळावर लाल रंगाने चार शब्द लिहिलेले आहेत, ‘याला हात लावू नये’. आता हात लावायला कोणी येतच नाही, ती गोष्ट वेगळी. रेडिओ केंद्राच्या सामानाच्या खोलीत तुटक्या खुर्च्या आणि टेपच्या रिकाम्या डब्यांमध्ये मी पडून असतो. माझ्या जाळीत कोळ्याने घर केलं आहे. केंद्रात मला प्रोसेसर म्हणत, म्हणजे आवाज सारखा करणारं यंत्र. रेडिओवर गाणारे-बोलणारे तुम्हाला माहीत असतात, पण त्यांचा आवाज तुमच्या घरी पोचण्याआधी ज्याच्या पोटातून जातो, त्याला कोण ओळखणार?

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांवर ओळीने बसून बायका तारांना डाख देत. माझ्या वाट्याला आलेली बाई कामाला लागण्याआधी रोज डोळे मिटून हात जोडायची आणि मगच कथील वितळवायची. तिचं नाव मला कळलं नाही. पण तिने जोडलेली एकही तार आजवर सुटलेली नाही.

१९९३ साली लाकडी खोक्यात बसून मी इकडे आलो. धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सागाच्या जंगलातल्या एका टेकडीवर, एफएमचं लहानसं केंद्र नव्याने उभं राहिलं होतं. तिथले इंजिनिअर रामाजीभाऊ यांनी मला रॅकमध्ये बसवलं आणि तीन दिवस माझ्या खुंट्या फिरवत बसले. ते मोजमापावर फार विसंबत नसत. शिपाई दसरूला लहान रेडिओ देऊन खाली नाल्यापलीकडे पाठवत आणि तो परत आला की विचारत, “काय ऐकू आलं?”

“बाईचा आवाज आला भाऊ. पण वाक्य संपता संपता ती बुडून जाते.”

“मंग अजून उचलू तिले.”

माझं काम तेवढंच होतं. पंगतीत वाढणारी बाई कशी असते? ओरडून मागणाऱ्याच्या पानात ती बेताने वाढते आणि लाजून खाली मान घालून बसलेल्याला न विचारता वाढते. मीही मोठा आवाज दाबायचो आणि लहान आवाज वर उचलायचो. मोहाच्या फांदीला टांगलेल्या रेडिओपर्यंत, वाऱ्याच्या आणि पाखरांच्या गलक्यातून, कुजबूजसुद्धा पोचली पाहिजे, असा रामाजीभाऊंचा हट्ट होता. एक नेम मात्र मी जन्मापासून पाळला. पदरचं काही घालायचं नाही. जे असेल तेच उचलायचं. सकाळी पाच पंचावन्नला माझा दिवा लागायचा, तो रात्री केंद्र बंद होईपर्यंत, आणि या नेमात एका दिवसाचाही खंड पडला नाही.

१९९५ च्या हिवाळ्यात केंद्राच्या निवेदिका कांताबाई टेपरेकॉर्डर घेऊन तलावाकाठच्या एका गावी गेल्या. तिथल्या देवकाबाईचा गळा पंचक्रोशीत नावाजलेला होता. तिचा नवरा इस्तारी तलावात मासे धरायचा. कांताबाई परत आल्या आणि ती टेप पहिल्यांदा माझ्यातून गेली, म्हणून तिथे काय झालं ते मला ठाऊक आहे. आधी कोंबड्यांचा आवाज. मग कांताबाई म्हणतात, “भाऊ, तुम्ही पण म्हणा ना संगे.” त्यावर एक जाडाभरडा, लाजरा आवाज, “नाई बाई. माह्या आवाजानं तुमची मशीन बिघडन. मी आपला इथी मांगं बसतो जाळं विनत.” मग देवकाबाईचं हसणं, आणि गाणं सुरू.

‘तळ्याच्या काठी गं, जाळं कोणाचं वाळते...’

या ओळीनंतर ती दम घ्यायला थांबायची. त्या थांबण्यात, अगदी मागून, तीच चाल कोणीतरी तोंड मिटून गुणगुणायचं. इतकं हळू, की समोर बसून ऐकणाऱ्यालाही कळू नये. शेवटी एक बारीकसा खोकला, आणि देवकाबाई पुढची ओळ उचलायची. आवाज पडला की मी वर उचलणार, हा माझा धर्म. मी उचललं. जाळं विणत बसलेला इस्तारी दहा तालुक्यांत पोचला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गाण्याआधीचं बोलणं कांताबाईंनी ब्लेडने कापून टाकलं. सगळे तसंच करतात. टेपचा तो तुकडा बरेच दिवस खिडकीच्या दांडीवर लोंबत होता, मग कधीतरी झाडलोटीत गेला.

तीन वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं. कांताबाईंनी ते मोठ्याने वाचलं. देवकाबाईची भाची दामिनी हिने लिहिलं होतं, ‘आमचे इस्तारी काका हिवतापाने वारले. मावशीचं म्हणणं आहे की तिचं गाणं दर गुरुवारी लावावं.’

रामाजीभाऊ हसले. “आपलाच आवाज आपल्याले गोड.”

“असू द्या भाऊ,” कांताबाई म्हणाल्या, “दुःखात आहे बिचारी.” त्यांचा स्वतःचा गुरुवारचा उपास असे. त्या दिवशी त्यांनी कोणाला नाही म्हटलेलं मला आठवत नाही. तेव्हापासून गुरुवारी दुपारी दोन वाजता बायकांचा कार्यक्रम त्याच गाण्याने सुरू होऊ लागला. पाच वर्षं मी दर गुरुवारी त्या दोन ओळींमधून मेलेल्या माणसाला उचलून वर आणत होतो. कोणासाठी, ते मला माहीत नव्हतं.

रामाजीभाऊ निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्यावरून फडकं फिरवलं. २००३ साली त्यांच्या जागी प्रफुल आला. तो ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला. वीज केंद्राची ती अखंड घरघर त्याने जन्मापासून ऐकली होती, जेवताना, अभ्यास करताना, आजीला पोचवून आले त्या दुपारीसुद्धा. त्यामुळे कुठलीही घरघर, कुठलंही गुणगुणणं त्याच्या कानाला काट्यासारखं टोचायचं. मुलगा वाईट नव्हता, मित्रांनो. त्याला केंद्राचा आवाज काचेसारखा स्वच्छ करायचा होता.

माझ्यात एक खुंटी होती, जिला रामाजीभाऊंनी कधी हात लावला नव्हता. तिला गेट म्हणतात. ती फिरवली की लहान आवाज वर उचलायच्या ऐवजी मी त्याच्या तोंडावर दार लावून घेतो. प्रफुलने ती फिरवली. वाक्यांच्या मधली जागा अशी कोरी झाली, जशी पुसलेली पाटी. नागपूरहून आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. मलाही आधी अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? मग जुन्या टेपा घासल्या आहेत म्हणून प्रफुलने एकेक टेप माझ्यातून चालवून नव्या टेपवर उतरवली. जुन्या टेपा चुंबकाने कोऱ्या करून पुन्हा वापरायला ठेवल्या. टेपा कमी मिळत, तिथली रीतच ती. देवकाबाईचं गाणंही त्यात होतं.

चार गुरुवार गेले. पाचव्या गुरुवारी, कार्यक्रम नुकताच संपलेला असताना, एक वाळकी म्हातारी दसरूला न जुमानता आत आली. लुगड्याला तलावाचा चिखल, आणि पिशवीत रेडिओ.

“कांताबाई कोन्ती?”

“मीच. देवकाबाई ना तुम्ही? या, बसा.”

ती बसली नाही. “माह्या घरच्यायले काऊन बंद केलं तुमी?”

कांताबाईंना काही कळेना. “बाई, तुमचं गाणं तर आत्ताच लागलं.”

“गानं येते. ते येऊन नाई राह्यले. ‘वाळते’ म्हनून मी थांबली का ते गुणगुणत. मंग खोकलत. एका महिन्यापासून मी थांबतो आन् तिथी कोनीच नाई.” तिने पिशवीतला रेडिओ टेबलावर ठेवला. “मले वाटलं रेडूचे सेल गेले. नवे टाकले. मंग वाटलं, माहेच कान गेले. दामिनीनं सांगतलं, नाई वो मावशी, खरंच नाई येऊन राह्यलं.”

प्रफुल पुढे आला. “मावशी, ते जुन्या टेपमधी होतं थोडंसं. मीच काढलं. मले वाटलं करंटची घरघर आहे.”

“करंट खोकलते का बापू?”

प्रफुल माझ्याकडे वळला. मग तो मऊ आवाजात म्हणाला, “थांबा, मी परत आणतो.” त्याने माझी गेटची खुंटी शून्यावर नेली, टेप लावली, आणि सगळे कान देऊन उभे राहिले. देवकाबाईचा आवाज आला. ओळ संपली. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली. टेपची नुसती सळसळ तेवढी वर आली. नवी टेप दार लावलेलं असतानाच भरली होती. तिच्यात इस्तारी नव्हताच.

“जुनी कुठी आहे?” कांताबाईंनी विचारलं.

प्रफुलने कोऱ्या टेपांच्या चवडीकडे पाहिलं आणि तो खाली बसला.

“फोटो काढला नाई आमी कधी,” देवकाबाई म्हणाली. “तेवढाच होता.” ती रडली नाही. रेडिओ पिशवीत घातला, दारापर्यंत गेली आणि वळली. “बाई, ते गानं मी पुन्ना म्हनतो. घेता का?”

स्टुडिओचं जड दार लागलं. नियमाप्रमाणे पंखा बंद केला. प्रफुल माझ्या समोर बसला, कांताबाई काचेशी उभ्या राहिल्या. देवकाबाई खाली मांडी घालून बसली, पण भिंतीपासून हातभर पुढे, पाठीशी कोणीतरी टेकून बसायला जागा सोडावी तशी. आठ वर्षांत तिचा गळा चिरकला होता. तरी चाल तीच होती.

‘तळ्याच्या काठी गं, जाळं कोणाचं वाळते...’

ती थांबली. आवाज मोजणारा माझा काटा खाली पडला, आणि मी माझ्या धर्माप्रमाणे उचलायला लागलो. आधी भिंतींची शांतता आली, मग तिच्या श्वासाची धाप. अजून उचललं. आणि मित्रांनो, काटा हलला. मागून, तोंड मिटून, तीच चाल. मग बारीकसा खोकला. देवकाबाईने पुढची ओळ उचलली.

प्रफुल उठून गेला. त्याने बाहेरची पडवी पाहिली, पंख्याची कळ पाहिली. पडवी रिकामी होती; दसरू दूर, बाहेरच्या फाटकापाशी बिडी ओढत उभा होता. कांताबाईंचे हात आपोआप जोडले गेले होते.

गाणं संपल्यावर प्रफुलने हळूच विचारलं, “मावशी, मधी तुम्हीच गुणगुणल्या का?”

“मी कायले गुणगुनू?” ती लुगडं सावरत म्हणाली. “ते जागा माही नाई.”

तिने टेप ऐकायला मागितली नाही. पाचची गाडी पकडायची होती. त्याच संध्याकाळी प्रफुलने लाल रंग आणला आणि माझ्यावर ते चार शब्द लिहिले. नंतर कितीतरी गुरुवार ते गाणं माझ्यातून गेलं, आणि दर वेळी त्या दोन ओळींच्या मधे प्रफुल हातातलं काम ठेवून ऐकायचा.

२००८ साली संगणक आला आणि माझी तार काढली गेली. देवकाबाई आहे की गेली, गाणं अजून लागतं की नाही, या खोलीत मला काही कळत नाही. एकच विचार मला सोडत नाही. मी पदरचं कधी काही घातलं नाही, असं मी मघाशी मोठ्या तोंडाने सांगितलं. पण एखाद्या माणसाला दर गुरुवारी उचलून उचलून, त्यातला थोडा माझ्याच तारांत राहून गेला असेल तर? त्या दिवशी काटा कोणी हलवला? देवाशपथ, मला ठाऊक नाही.

मागच्या गुरुवारी दुपारी दसरू खोली झाडायला आला होता. माझ्यापाशी येऊन त्याचा झाडू थांबला. माझ्यात वीज नाही, दिवा नाही. तरी माझा काटा हलला की काय कोण जाणे, तो त्याच्याकडेच बघत राहिला. मग माझ्यावरची धूळ तशीच ठेवून, चपलांचा आवाज होऊ न देता, दार ओढून निघून गेला.

मित्रांनो, घर झाडा, जुनं सामान आवरा, आवाज स्वच्छ करा. फक्त पुसायच्या आधी एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्या. कोणीतरी लाजून मागे बसलेलं असतं.