सर्वेक्षणाला आलेले पाहुणे

गरिबी कशी मोजायची, हे आमचे श्रेयस सर परदेशात शिकून आलेत. राहतात मुलुंडला, बसतात अंधेरीच्या एसी ऑफिसात आणि घाटकोपरच्या डोंगरावर वर्षातून एकदा चढतात, तेही धापा टाकत. शहाणपण मात्र नुसतं उतू जातंय.

त्यांनी एक ॲप बनवलंय. घरात दिसेल त्या वस्तूवर टिक करायची. पाच टिका झाल्या की ते घर गरीब नाही. मी संस्थेची वस्तीतली कार्यकर्ती. घरं दाखवायची आणि साक्षीदार म्हणून खाली सही ठोकायची, हे माझं काम.

जानकीबाई चार घरची धुणीभांडी करतात. त्यांच्या रुचिराचा नर्सिंगला नंबर लागला होता. घर यादीत बसलं तर फी आमची संस्था भरणार, नाहीतर पोरीचं शिक्षण बंद.

सर येणार हा निरोप मीच दिला, आणि तिथेच माती खाल्ली. कोकणातली बाई ती, दारात साहेब येणार म्हटल्यावर हातपाय गाळून बसेल होय? शेजारच्या सपनाकडून दोन खुर्च्या आणल्या, टेबलफॅन आणला, चटणी वाटायला मिक्सर आणला. स्वतःचं म्हणावं असं घरात काय, तर गॅस आणि मोबाइल.

सर खुर्चीत बसले, पंख्याचं वारं खात चार घावणे चापले. "झकास!" म्हणाले आणि टिका करत सुटले.

"सर, ह्या खुर्च्या शेजारच्या आहेत," मी म्हटलं.

"शेजारच्या कशाक? आमच्योच आसत," जानकीबाई उसळल्या. "तू गप रव गो! सायबानू, आणखी एक वाढू?"

"बघ अनुपमा, त्या स्वतः सांगतायत. डिग्निटी नावाची काही गोष्ट असते," म्हणत सरांनी टॅब पुढे केला. मी सही केली.

आम्ही उतरत होतो तेव्हा सपना पंखा उचलून घरी नेत होती. सरांनी हसून तिला वाट दिली. एवढं शिकून माणूस इतका ठार आंधळा कसा होतो, देव जाणे!

महिन्याभराने यादी आली. जानकीबाईंचं नाव कापलेलं. वर अहवालात छापलं होतं, एक कुटुंब दारिद्र्यातून बाहेर! मी सरांशी भांडले.

"अगं, एन्ट्री लॉक झाली ना. दोन वर्षांनी पुन्हा सर्व्हे आहे. तेव्हा तिला सांग, जरा साधं राहा."

सांगायला डोंगर चढावा लागला मलाच. जानकीबाई म्हणाल्या, "म्हणजे घरात इल्लेल्या माणसाक खाली जमनीर बसवूक होया होता?"

मी सरांना तोंडभर शिव्या घातल्या. रुचिराने सगळ्या ऐकून घेतल्या.

"ते येडे असतील गं ताई. पण तुला तर माहीत होतं ना? मग सही कशाला केलीस?"

"नोकरी आहे गं माझी," एवढंच मला म्हणता आलं, आणि माझीच मला शिसारी आली.