छत्रीखालचा पहारा

गावानं त्या इमारतीला क्रीडागृह कधी म्हटलं नाही. छत्रीच म्हणायचे. सत्तरच्या दशकात कुणा हौशी इंजिनिअरनं माळावर काँक्रीटच्या चार उलट्या छत्र्या एकमेकींना खेटून उभ्या केल्या, त्यांच्या सावलीत खो-खोचं मैदान आखलं आणि कडेनं बसायला पायऱ्या बांधल्या. पावसाचं पाणी वर मधोमध गोळा व्हायचं आणि खांबांच्या पोटातून खाली उतरायचं. पार ईट गावापासूनची पोरं तिथं सामने खेळायला यायची. पुढं तालुक्याला नवं संकुल झालं, सामने तिकडं गेले, आणि छत्रीत कुणी कडबा रचला, कुणी सोयाबीनची पोती टाकली. शेवटी एका कोपऱ्यात उरल्या महारुद्र गुरुजींच्या खो-खोच्या पोरी. शाळेतून निवृत्त झाले तरी गुरुजी रोज संध्याकाळी त्यांना खांबापासून खांबापर्यंत पळवायचे.

छत्री पाडायची भाषा सुरू झाली, तेव्हा तोड गुरुजींनीच काढली. माणूस हाडाचा कीर्तनवेडा. बुवांनी अभंगाचं पहिलं चरण उचललं, की यांचे डोळे आपसूक मिटत.

"रिकामी दिसती म्हणून डोळ्यात येती," ते भजनी मंडळाच्या बैठकीत म्हणाले. "औंदाचा सप्ताह छत्रीत बसवू. पुढं एकादशीला कीर्तन आन् रोज पोरींचा खेळ. एका छताखाली दोन्ही सुखानं नांदतील."

"म्हारुद्रा, देवाच्या मनातलं बोललास बघ!" गौरीशंकरनं सगळ्यांच्या आधी मांडीवर थाप मारली.

गौरीशंकर मंडळाचा पखवाजी, गुरुजींचा लंगोटीयार. दोघांनी तुळशीची माळ एकाच दिवशी, एकाच बुवांच्या हातून घातलेली. गुरुजी कुठं अडले, तर पहिली हाक गौऱ्याला.

सप्ताह बसला. पोरींनीच कडबा उपसला, पायऱ्या धुतल्या. पहिल्या कीर्तनात पखवाजावर थाप पडली आणि छत्रीनं ती अशी काही घुमवून परत दिली, की बुवासुद्धा बोलता बोलता थांबले, वर बघून हसले. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपण इथं शिट्टी फुंकली, आणि हिच्या पोटात एवढा नाद आहे हे कळलंच नाही!

छत्रीचं पुढं काय करायचं, यावर सरपंच दिग्विजयनं त्याच आठवड्यात ग्रामसभा लावली. गुरुजी बोलणार होते. पण नेमका त्या दुपारचा वीणेचा पहारा त्यांच्याच नावावर आला.

"मान हाय, न्हाय म्हणू नको," गौरीशंकर म्हणाला. "सभा सुरू व्हायच्या आत म्या येतो, वीणा घेतो. तू जा आन् बोल."

सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि गळ्यात असेपर्यंत तोंडातून नामाशिवाय शब्द काढायचा नाही. गुरुजी उभे राहिले. एक हात तारेवर, मुखी रामकृष्णहरी. मन मात्र रस्त्याकडं.

शाळेच्या भोंग्यावरनं पुकारा झाला. "ग्रामस्थांनी सभेला यावं!" दुसऱ्यांदा झाला. गौरीशंकरचा पत्ता नाही.

पायरीवर धुरपताबाई वाती वळत बसली होती. गुरुजींची चुळबुळ तिनं बरोबर हेरली.

"कुणाची वाट बघताव? पखवाज्याची?"

गुरुजींनी नाम घेत घेत मान हलवली.

"त्यो तर मघाशीच शाळेकडं गेला. इस्त्रीची कापडं घालून, नवरदेवावानी." म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "आणा हिकडं, म्या धरते. देवाला काय बाई न् काय बापई?"

त्यांच्या मंडळात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती. पण गुरुजी अडले ते त्यामुळं नव्हे. वीणा दिली, तर गौऱ्याच्या शब्दावर भरवसा नाही असा अर्थ झाला असता. येईल. वाटेत कुणी गाठलं असेल. त्यांनी हसून नकार दिला आणि तार छेडली.

"तुमची मर्जी," म्हणून म्हातारी पुन्हा वातींना लागली.

भोंगा बंद झाला. मग बऱ्याच वेळानं समृद्धी धावत आली. गुरुजींच्या पोरींत सगळ्यात चपळ, आता धाकट्यांना शिकवणारी. पळून कधी धाप न लागणारी ती पोर खांबाला धरून उभी राहिली.

"गुरुजी, ठराव झाला. छत्रीचं मंगल कार्यालय होणार. खो-खोचे खांब उपटणार, फरशी बसवणार. मधे मधे कीर्तन, बाकी लग्नं. चालवायला दिग्विजयच्या मेव्हण्याला दिलंय."

गुरुजींच्या तोंडून नाम येत होतं, तेवढंच.

"म्या उठले, म्हणलं, गुरुजींला येऊ द्या. तर गौरीकाका उभं राह्यलं." तिचा आवाज चिरकला. "म्हणले, 'गुरुजींना कशाला बलिवता? ते स्वतः वीणा गळ्यात घालून छत्रीत उभे हायेत. याच्यापेक्षा मोठी संमती कंची?' मग काय, सगळ्यांनी हात वर केले. टाळ्यासुद्धा वाजवल्या, तुमच्या नावानं."

धुरपताबाईचे हात थांबले. "आगं माझ्या बया," एवढंच ती म्हणाली.

आपलं हे उभं राहणंच तिथं साक्षीला नेलं होतं. वीणा काढून ठेवावी, शाळेत जावं, गौऱ्याची गचांडी धरावी, असं गुरुजींना वाटलं. पण अखंड नाम आपल्या हातून मोडायचं? आणि हेच गौऱ्याला पुरतं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. त्यासाठी एका पंगतीत बसून माळ घातलेला माणूस लागतो.

गौरीशंकर आला तो नजर खाली घालूनच.

"म्हारुद्रा, ऐकून घे. भजनाला कायमची जागा मिळाली. वर नवा पत्रा, खाली फरशी. पोरींचं काय, त्या लगीन होऊन जातेत. देवाचंच काम झालं की रं."

समृद्धीनं तोंड फिरवलं.

गौरीशंकरनं वाकून गुरुजींच्या पायांना हात लावला आणि मान पुढं केली. गुरुजींनी वीणा त्याच्या गळ्यात घातली. देणाऱ्यानंही घेणाऱ्याच्या पाया पडायचं, ही रीत. आयुष्यभर गुरुजी या मित्राच्या पायांवर किती वेळा वाकले असतील! आज कंबर लवेना. त्यांनी वीणेच्या भोपळ्याला दोन बोटं लावली, ती कपाळाला टेकवली, आणि सरळ उभे राहिले.

"बोल की," गौरीशंकर कळवळून म्हणाला. "आता बोलायला मोकळा हायेस तू. शिव्या दे."

"तू न्हाईस मोकळा," गुरुजी म्हणाले. "नाम घे."

गौरीशंकरनं तार छेडली. मग छत्रीखाली त्याचा आवाज घुमू लागला, नेहमीसारखाच गोड. गुरुजी चपला पायात सरकवून बाहेर आले. सरावाच्या पोरी बूट हातात घेऊन उन्हात ओळीनं थांबल्या होत्या. सप्ताह उठल्यावर खेळ कधी सुरू करायचा, एवढंच त्यांना विचारायचं होतं.