घरात कोण असतं

त्या बुधवारी सान्वी अडीच तास वॉशिंग मशीनच्या मागे बसून होती.

पाचच्या सुमारास कोणीतरी बेल वाजवली. एकदा नाही, सहा-सात वेळा. मग दाराचं हँडल खाली-वर केलं. आठ वर्षांची सान्वी घरात एकटी होती. तिने सोफ्यावरून आईला चार फोन लावले, पण संचिता ठाण्याला, नौपाड्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेण्याच्या काउंटरवर होती आणि काउंटरवर असताना तिचा फोन ड्रॉवरमध्ये असायचा. सहा वाजता निघताना तिने मिस्ड कॉल पाहिले आणि उलटा फोन केला. सान्वीने उचलला नाही. शीळफाट्यापर्यंतच्या बसमध्ये तिने तेवीस वेळा फोन केला. वॉचमनला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, सब ठीक है, ऊपर कोई नहीं गया."

चौदाव्या मजल्यावरच्या घरात ती शिरली तेव्हा दिवा लागलेला नव्हता. तिने हाका मारल्या. वॉशिंग मशीन ठेवलेल्या ड्राय बाल्कनीतून बारीक आवाज आला, "आई, तूच आहेस ना?"

फोन सोफ्यावरच राहिला होता. तो आणायला बाहेर यायची सान्वीची हिंमत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. पाइप गॅसचं रीडिंग घेणारा माणूस होता, विंग चुकून आला होता. बिचारा सोसायटीच्या ऑफिसात येऊन माफीही मागून गेला. म्हणजे घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. पण संचिताला ते पुरेना. चोर असता तर निदान चोराला शिव्या देता आल्या असत्या.

सान्वीला दुपारी सांभाळणाऱ्या जाईबाई लेकीच्या बाळंतपणासाठी चिपळूणला गेल्याला तीन आठवडे झाले होते. दुसरी बाई मिळत नव्हती. निम्मी बिल्डिंग रिकामी, मजल्यावरच्या चार घरांपैकी दोनांना कुलूप, तिसऱ्यातलं जोडपं सकाळी जाऊन रात्री येणारं. संचिताचा नवरा ऋतुराज दोहाला एका बांधकाम कंपनीत होता. वर्षातून एकदा यायचा. लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि त्यातली एकत्र काढलेली जेमतेम तीन.

शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून तो म्हणाला, "कुत्रा घे. रॉटवायलर घे. हॉलमध्ये तो बसला ना, की कोणाची बिशाद नाही दाराला हात लावायची."

"अरे, साडेसहाशे फुटांचं घर आहे."

"मग डॉबरमन." मग थोडं थांबून, "मी तिथे असतो तर..." असं म्हणून त्याने वाक्य तिथेच सोडलं. ते वाक्य तो नेहमी तिथेच सोडायचा.

कुत्र्याची गोष्ट सान्वीने मात्र उचलून धरली. तिने वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखला. वर कुत्र्यांच्या जाती, बाजूला प्रश्न: चावतो का? केस गळतात का? लिफ्टमध्ये नीट राहतो का? बेल वाजली की काय करतो? मायलेकी रोज जेवण झालं की मोबाइलवर व्हिडिओ बघायच्या आणि रकाने भरायच्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या घरात असा एकच विषय दोघींचा होता. आठवड्याभराने, रविवारी तो तक्ता घेऊन त्या डोंबिवलीला, सुदेश प्रधान नावाच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर पन्नाशीचे, फटकळ. त्यांनी तक्ता मनापासून वाचला.

"छान केलायस गं. आता ऐक. लॅब्रेडॉर लेकरांना फार जपतो, पण चोर आला तर त्याच्याही गळ्यात पडेल. जर्मन शेफर्ड राखणीला उत्तम, मात्र त्याला रोज दोन तास पळवावं लागतं आणि डोक्याला काम द्यावं लागतं. बीगल रडायला लागला की सोसायटीची नोटीस आलीच. रॉटवायलर, डॉबरमन पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या माणसाच्या हातात मी देत नाही. आपला गावठी कुत्रा घ्या, कान जागे, आजारपण कमी, घराला धरून राहतो. आणि तसं बघाल तर जात हा निम्माच हिशोब. मुलांशी कसा वागेल ते त्या त्या कुत्र्यावर असतं." मग त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या तक्त्यात एक प्रश्न राहिलाय. दिवसभर घरात कोण असतं?"

"ही असते," संचिता म्हणाली. "शाळेतून आल्यावर."

"मोठं माणूस?"

संचिताने नकारार्थी मान हलवली.

"मग पिल्लू तर नकोच. पिल्लू म्हणजे तान्हं बाळ." ते थोडा वेळ पेन वाजवत बसले. "मोहन्याला एक आजी आहेत. लक्ष्मीबाई. यजमान गेले, आता मुलाकडे राहायला चालल्यात. त्यांची कुत्री आहे, काजू. सात वर्षांची, अर्धी लॅब्रेडॉर, अर्धी गावठी. नातवंडांत वाढलेली. अनोळखी माणसावर भुंकते आणि पोरांनी शेपूट ओढली तरी हूं की चूं करत नाही. जाऊन बघा. त्या देतील की नाही, ते मला सांगता येत नाही."

पुढच्या रविवारी त्या कल्याणहून रिक्षा करून मोहन्याला गेल्या. जुन्या कारखान्याची लांबच लांब भिंत संपल्यावर आतल्या गल्लीत लक्ष्मीबाईंचं बैठं घर होतं. ओटीवर सामान बांधून ठेवलेलं. लक्ष्मीबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, नाकात सोन्याची मुरणी. त्यांच्या पायाशी काजूच्या रंगाची ती कुत्री बसली होती. संचिता फाटकाशी आली तशी ती उठली आणि दणदणीत आवाजात भुंकली. लक्ष्मीबाई "बस गो" म्हणाल्या आणि ती बसली. सान्वी तिच्यासमोर उकिडवी झाली. काजूने तिचा हात हुंगला, मग कोपर, मग कान, आणि तिच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवली. सान्वी हलायचीच बंद झाली.

"काळुरामाची लाडकी," लक्ष्मीबाई म्हणाल्या. नवऱ्याचं नाव त्या सरळ घेत होत्या. "त्यांना जाऊन चार म्हैने झाले. अजून सांजचे फाटकावं जाऊन बसते. दिपेश, माजा सोकरा, बोलतो, आये, ठान्याला आठव्या मजल्यावं कुत्री नाय चालनार. सून घाबरते." मग त्यांनी संचिताकडे नीट पाहिलं. "घरान कोन असतं गो दिवसभर?"

तोच प्रश्न. आणि संचिताला ही कुत्री हवी होती. सान्वीचा चेहरा तिला दिसत होता. "माझ्या सासूबाई असतात ना," ती म्हणाली.

"आई, आजी तर गावाला असते," सान्वी म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, आईने पत्ता चुकीचा सांगितल्यावर दुरुस्त करावा तसं. "घरात मीच असते. दीडपासून साडेसातपर्यंत."

संचिताचे कान तापले. लक्ष्मीबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सान्वीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग काजूच्या.

"मंग तुला कुत्री कशाला पायजे, बाय? पोरीला राखाला, का पोरीबरोबर वाट बघाला?"

"मावशी, माझी नोकरी आहे."

"असंल. मी नाय बोलत नाय. पन ही मानसाशिवाय ऱ्हात नाय. आदी घरान मानूस आन, मंग हिला ने. पंधरा तारखेपावतर मी हितंच हाय."

परतताना रिक्षात सान्वीने विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"आपल्याला काजू हवी होती म्हणून."

सान्वी म्हणाली, "मग मी बोलायला नको होतं."

हे वाक्य संचिताला झोंबलं. लेकीने खरं बोलल्याबद्दल वाईट वाटून घ्यावं, इथवर आपण तिला आणलं.

घरात माणूस आणायचं, म्हणजे कुठून आणायचं? खरं तर तिला ते ठाऊक होतं. दिवाळीपासून दोनदा लॅबच्या सरांनी तिला विचारलं होतं. शीळफाट्याजवळ लॅबचं नवं कलेक्शन सेंटर उघडलं होतं: एक खोली, एक खुर्ची, एक फ्रिज. सकाळी साडेसात ते एक. रक्त घ्यायचं, नळ्यांना लेबलं लावायची, गाडी आली की खोके द्यायचे. घरापासून पंधरा मिनिटांवर. सान्वी शाळेच्या बसमध्ये बसल्यावर निघायचं आणि ती उतरायच्या आत परत. पगार तोच. दोन्ही वेळा संचिताने नाही म्हटलं होतं. तिथे शिकायला काय मिळणार, असं तिने सरांना सांगितलं होतं, ऋतुराजला सांगितलं होतं, आणि स्वतःलाही.

त्या रात्री भांडी विसळताना ती स्वतःशी खरं बोलली. तिला नौपाडा सोडवत नव्हता. चार वाजता लॅबमधली निशा चहा आणायची आणि दोघी मागच्या जिन्यावर बसून पंधरा मिनिटं कशावरही हसायच्या. महिन्याला शुगर तपासायला येणारे म्हातारे तिला नावाने हाक मारायचे, बोट पुढे करून म्हणायचे, "संचिता, तूच टोच, तुझा हात हलका आहे." कोपऱ्यावरचा फुलवाला तिला गजरा न मागता बांधून द्यायचा. शीळफाट्याच्या त्या टॉवरमध्ये तिला कोणी नावाने ओळखत नव्हतं. तिथे ती फक्त चौदाशे तीन होती. दिवसातले आठ तास तिला माणसांत राहायचं होतं, आणि त्या आठ तासांची भरपाई सान्वी करत होती.

सोमवारी तिने सरांना होकार दिला. निशा म्हणाली, "येडी झालीस का? तिकडे भिंतींशी बोलशील." मग स्वतःच डोळे पुसत आत गेली.

बारा तारखेला संचिताने मोहन्याला फोन केला. खोटं बोलल्याची माफी मागितली आणि नव्या वेळा सांगितल्या. लक्ष्मीबाईंनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, "म्हंजे दीडनंतर तू घरान? नक्की?" चौदा तारखेला दिपेशच्या गाडीतून काजू आली. एक गोधडी, एक ताट, जुना पट्टा. लक्ष्मीबाई वर आल्या नाहीत, गाडीतच बसून राहिल्या. "मी वर आले तं ती मागे येल," एवढंच बोलल्या. गाडी निघाली तेव्हा त्यांनी काचेतून मागे पाहिलं नाही.

पहिले आठ दिवस काजूने पोटभर खाल्लं नाही. संध्याकाळी सहाला ती दाराशी जाऊन बसायची आणि साडेसात-आठपर्यंत हलायची नाही. संचिताने बोलावून पाहिलं, बिस्किट दाखवून पाहिलं. सान्वीने तसलं काही केलं नाही. तिने आपलं दप्तर दाराजवळ नेलं आणि काजूच्या पाठीला पाठ लावून गृहपाठ करायला लागली. "तिला वाट बघू दे," ती म्हणाली. "मध्येच बोलावलं तर अजून वाईट वाटतं." हे तिला कसं माहीत, ते संचिताने विचारलं नाही.

लक्ष्मीबाईंचा फोन दर दोन दिवसांनी यायचा. "भाकर दुधान कुस्करून दे. खाते ना?" मग काजूबद्दल बोलून संपलं तरी त्या फोन ठेवायच्या नाहीत. मागे ठाण्याच्या घरातला टीव्ही ऐकू यायचा. "सून हापिसान. पोरा शालेन. दार लावलं का कोनाचा तोंड दिसत नाय बग." नवव्या दिवशी संचिता म्हणाली, "मावशी, आज ताट चाटून साफ केलं." पलीकडून आवाज आला, "बरा झाला." त्यात आनंद होता, आणि आणखी काहीतरी होतं. आपल्याशिवायही ती खाते, हे ऐकताना होतं ते.

ऋतुराज शुक्रवारच्या कॉलवर काजूला बघायला मागायचा. "जवळ ने ना फोन. तिला माझा आवाज ऐकव." सान्वी काजूच्या कानाशी फोन धरायची आणि बाप दोहातल्या खोलीतून तिच्याशी लाडे लाडे बोलायचा. संचिताशी तो तसा कधी बोलला होता, ते तिला आठवावं लागलं.

सेंटरवर सकाळी नऊपर्यंत पाच-सहा पेशंट येत. नंतर बहुधा कोणीच नाही. फ्रिजची घरघर, आणि काचेबाहेर डंपरांची धूळ. चार वाजता निशा कधी मेसेज करायची, कधी विसरायची. महिन्याभराने विसरायचीच जास्त. तेव्हा संचिता घरी असायची, सान्वी आणि काजू हॉलमध्ये दोरीची ओढाओढ करत असायच्या, घरात हसू असायचं. ते बघून तिला बरं वाटायचं, अगदी मनापासून. तरी चहा एकाच कपात ओतताना निशा आठवायचीच. दोन्ही एकदम असू शकतं, हे तिला या दिवसांत कळलं.

पहाटे साडेपाचला ती काजूला घेऊन खाली जायची. कॉम्प्लेक्सच्या मागचा रस्ता अर्धवट बांधलेल्या टॉवरांमधून जातो. तिथे त्या वेळी चिटपाखरू नसतं. एके दिवशी चालताना ती काजूला सांगत होती की नौपाड्यातले एक आजोबा सुईला इतके घाबरायचे, की रक्त देताना डोळे मिटून आरती म्हणायचे, आणि एकदा तर सगळी लॅब त्यांच्या मागे टाळ्या वाजवायला लागली. हे सांगताना ती हसली. आपण गेटपासून इथवर बोलतच आलो आहोत, तेही मोठ्याने, हे तिच्या लक्षात आलं. तिने आजूबाजूला पाहिलं. ऐकणारं कोणी नव्हतं. काजू मात्र थांबली होती, मान वाकडी करून, पुढे काय झालं असं विचारत असल्यासारखी.

"मग काय," संचिता म्हणाली, "आरती संपेपर्यंत नळी भरली होती."

वर सान्वी उठायची वेळ झाली होती. काजूने पट्ट्याला हिसका दिला आणि दोघी घराकडे वळल्या.