दोन वेळा जोडलेले हात

एबिनाने बूट काढायला फार वेळ लावला. पायरीवर बसून तो एकच गाठ सोडवत राहिला. तोमिए मागे उभी राहून त्याची मान बघत होती. कॉलर नव्यासारखी कडक. आतल्या बाजूला शाईने एक नाव लिहून खोडलेलं, त्याखाली दुसरं. तेही एबिना नव्हतं.

"गणवेश नवा मिळाला वाटतं."

"हो वहिनी. जुना फाटला."

"आणि बूट?"

"तेही."

"एकदमच फाटलं सगळं."

तो हसला. कानांच्या पाळ्यांवर कोवळी, गुलाबी कातडी होती.

आतून सासूबाईंनी हाक मारली. "अगं, त्याला उन्हात काय बसवून ठेवलंयस? ये रे बाबा. तामोत्सुचा दोस्त म्हणजे घरचाच."

तामोत्सु, तोमिएचा नवरा. तो आणि एबिना एकाच विमानवाहू जहाजावर मेकॅनिक होते, पोटातल्या मजल्यावर, जिथे विमानं ठेवतात. हवाईला दोघे होते, पार लंकेपर्यंत दोघे होते. मे महिन्याच्या अखेरीस जहाज इथून, जपानच्या कुरे बंदरातून, निघालं. गल्लीत त्याचं नाव कुणी घेत नसे, सगळे 'आपलं' म्हणत. जूनमध्ये रेडिओने विजय सांगितला आणि 'आपलं'साठी कंदिलांची मिरवणूक निघाली. आता ऑगस्ट होता. मधल्या काळात एक पत्र आलं होतं.

*आईची कंबर कशी आहे? आम्ही ■■■■ कडे ■■■■■■. इथे ■■■ थंडी. एबिना ■■■■■■■ घोरतो. काळजी करू नये.*

तारीखही सेन्सॉरने काळी केली होती. तोमिएने कागद उजेडात धरला, मागून पाहिला, ओल्या बोटाने काळं पुसून पाहिलं. घोरण्यात लपवण्यासारखं काय असतं, ते तिला अजून कळलं नव्हतं.

*

एबिना बंदराकडे पाठ करून बसला. त्या बाजूने वारा येत होता, तरी.

"तामोत्सु मजेत आहे," त्याने न विचारता सांगितलं. "जहाज दक्षिणेला जातंय. मला अर्ध्या दिवसाची रजा मिळाली. म्हणाला, घरी जाऊन ये."

"त्यांना नाही मिळाली रजा?" तोमिएने विचारलं.

"चिठ्ठ्या टाकल्या होत्या."

"चिठ्ठ्यांत ते कधी हरत नाहीत."

"या वेळी हरला, वहिनी."

सासूबाईंनी तामोत्सुच्या जागेवर ताट मांडलं. सातू मिसळलेला भात, वांग्याचं सार, मुळ्याचं लोणचं. दूर गेलेल्या माणसाचं ताट घरात रोज वाढलं की तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. त्यांनी साराच्या वाटीचं झाकण उचलून एबिनाला दाखवलं.

"बघ. आतून थेंब धरलेत. म्हणजे सुखरूप आहे."

गरम सार कुठल्याही झाकणाला थेंब आणतं. तोमिए हे कधी बोलली नव्हती.

"बसा तुम्ही, तुमचंही वाढते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई तिच्यामागोमाग लोणच्याची बरणी ठेवायला आल्या. तोमिएने भाताचा डाव हातात घेतला आणि दाराच्या फटीतून बाहेर बघितलं.

एबिना तामोत्सुच्या ताटासमोर गुडघ्यांवर बसला होता. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

*

तोमिएने ते मनात पुन्हा आठवलं. नीट.

माणूस जेवणाआधी हात जोडतो. सगळेच जोडतात. पण त्याचं ताट अजून आलं नव्हतं.

भुकेलेला असेल, वास आला असेल, सवयीने जोडले असतील.

तिने त्याचं ताट नेऊन ठेवलं. त्याने पुन्हा हात जोडले. चटकन, छातीशी, 'घेतो' असं पुटपुटून. चुटकी वाजवण्याइतका वेळ. आणि जेवू लागला.

दोन वेळा. दुसऱ्यांदा जेवणारा माणूस जोडतो तसे.

पहिल्यांदा तोमिएने मनातल्या मनात नऊपर्यंत आकडे मोजले होते. घरातल्या देव्हाऱ्यात वारलेल्या सासऱ्यांच्या नावाची पाटी आहे. तिच्यासमोर सासूबाई सकाळी जोडतात, तसे. एबिना जिवंत माणसाच्या ताटासमोर चुकला होता.

*

तिने पेटीतून विणलेली लोकरीची पट्टी काढली, पोटाला बांधायची. वसंतात विणायला घेतली होती, जुलैत पुरी झाली.

"ही त्यांना द्याल?"

एबिनाने भाताचा वाडगा खाली ठेवला. "दक्षिणेला उकडतं, वहिनी."

"तरी द्या. आज संध्याकाळी भेटतीलच ना?"

"हो."

"कुठे?"

"जहाजावर."

"कुठल्या धक्क्यावर लागलंय?"

"ते सांगता येत नाही."

"इथून सगळे धक्के दिसतात. मी रोज बघते. दोन महिन्यांत मला ते दिसलं नाही."

"वहिनी..."

"रात्री अजून घोरता का तुम्ही? काय म्हणतात ते?"

"पुरे गं," सासूबाई म्हणाल्या. "पोलीस आहेस का तू?" त्यांनी पट्टी उचलली, घडी मोडली आणि एबिनाच्या कमरेजवळ धरून बघितली. "ही तूच बांध."

"मावशी, ही तामोत्सुची..."

"तुझ्या मापाची आहे. बांध, बाळा."

त्याने पट्टी दोन्ही हातांत घेतली. मग तो चटईकडे बघत म्हणाला, "जहाज राहिलं नाही. आम्हाला एका बेटावर ठेवलंय. घरी कळवायची बंदी आहे. मी इथे आलोय हे कुणाला कळलं तर..."

"नाही कळणार."

"तामोत्सु खाली होता. खालच्या मजल्यावर आग..."

"नको," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं नको सांगूस. जेव."

तोमिएला नेमकं तेवढंच हवं होतं.

*

ती त्याला पोचवायला पायऱ्यांपर्यंत गेली. खाली बंदर उन्हात पांढरं पडलं होतं.

"ते वर येऊ शकले असते का?"

एबिनाने या वेळी समुद्राकडे बघितलं. "आग पसरू नये म्हणून दारं बाहेरून बंद करायचा हुकूम आला, वहिनी."

"कुणाला आला?"

त्याने टाचा जुळवून सलाम केला. ती आणखी काही विचारेल म्हणून थांबलाही. मग खाली उतरू लागला. पट्टी त्याने सदऱ्याच्या आत बांधली होती. एवढ्या उन्हात पोट फुगल्यासारखं दिसत होतं.

*

ती वळली तेव्हा समोरच्या घरातली नोए ओले हात एप्रनला पुसत धावत आली होती. नोएचा धाकटा मुलगा त्याच जहाजावर, स्वयंपाकघरात होता.

"नौदलाचा माणूस ना तो? 'आपलं'वरचा?"

"हो."

"काय म्हणाला?"

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी तोमिएकडे बघितलं नाही. दाराची चौकट फडक्याने पुसत राहिल्या. चौकट स्वच्छच होती.

"दक्षिणेला जातायत," तोमिए म्हणाली. "सगळे मजेत आहेत."

"माझ्या शिंसाकूचं काही बोलला?"

तोमिएने एबिनाजवळ शिंसाकूचं नावही काढलं नव्हतं.

"बोलला तर. म्हणाला, पोरगं उंच झालंय."

"उंच? आता एकविसाव्या वर्षी?" नोए जराशी मागे सरकली आणि तिने तोमिएचा चेहरा नीट बघितला. "खरं सांग."

"आत या ना. चहा टाकते."

नोए आत आली, पण बसली नाही. "अजून काय म्हणाला?"

तोमिएने चुलीवर किटली ठेवली आणि दक्षिणेचं सांगायला सुरुवात केली, चांगलं सविस्तर.